जीपमध्ये बसलेल्या मुली

मूग तोडायचा तो उन्हं चढायच्या आत. दव आहे तोवर शेंग नरम असते, चिमटीत धरली की हाताला येते. ऊन तापलं की तीच शेंग तडकते, तिला पीळ पडतो आणि दाणे मातीत कुठल्या कुठे उडून जातात. हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक पोरीला ते ठाऊक होतं आणि एकाही बाप्याला ठाऊक नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, ढेकूळ हातात चुरून पेरणी आज की परवा ते सांगायचे, बैलाच्या चालीवरून त्याचं दुखणं ओळखायचे; पण मुगाची शेंग त्यांनी जन्मात तोडली नाही. पेरणं, वखरणं, माल धुळ्याला नेऊन विकणं हे पुरुषांचं. कंबर वाकवून तोडणं बायांचं. मूग केव्हा तोडायचा असं नानांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "पिकना का तोडतस, तेन्हामा काय इचारानं?" या एवढ्याशा गोष्टीवर पुढे माझं अख्खं आयुष्य फिरलं, म्हणून ती आधीच सांगून मोकळी होते.

आमचं गाव सोनगीरच्या अलीकडे, आग्रा रोडवरून आत. रस्त्यावरच्या ट्रकांची घरघर चोवीस तास कानात असायची, इतकी की एखाद्या दिवशी रस्ता बंद पडला तर गावातली माणसं दचकून ओट्यावर येऊन बसायची. वारा त्या बाजूचा असला की सोनगीरच्या तांबटांच्या हातोड्या ऐकू यायच्या. घरात आई, नाना, दोघं भाऊ, मी आणि अक्का. अक्का नानांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि वर्षा-दोन वर्षांत पांढऱ्या कपाळानं परत आली, ती कायमची. असल्या बाईनं घरात कोपरा धरून बसावं अशी रीत होती. अक्कानं कोपऱ्याऐवजी पुढचं दार धरलं. सकाळी मशेरी लावत ती दारात बसायची आणि आल्या-गेल्याचा समाचार घ्यायची. आई स्वयंपाक करायची, पण कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारीत उडीद किती घालायचे हे अक्का ठरवायची. ती भाकर, वर कच्च्या तेलाची धार, पाट्यावर रगडलेला मिरचीचा ठेचा आणि कांद्याची पात. भाद्रपदात मुगाच्या कोवळ्या शेंगा मीठ घालून उकडलेल्या असायच्या. आज माझ्या ताटात डॉक्टरांनी सांगितलेलं बेचव काहीतरी असतं आणि मला त्या शेंगांची आठवण येऊन चक्क राग येतो.

मी धुळ्याला बी.एस्सी. झाले तेव्हाच भाऊबंदांची कुजबुज सुरू झाली होती. पुढे एम.एस्सी.ला जळगावला जायचं ठरलं तेव्हा चुलत्यांनी उघडच नानांना विचारलं, पोरीला कलेक्टर करायची का? नाना गप्प बसले. ते मऊ होते, पण भित्रेही होते. बोलली अक्का. "पोर शिकी ऱ्हायनी ते तुम्हनं कसाले पोट दुखस? तुम्हना आंडोर शिकाले धाडा का व्हता, तो परत उना ना?" चुलत्यांचा मुलगा नाशिकहून पहिल्या वर्षातच पळून आला होता. त्यामुळे तो विषय तिथंच संपला.

जळगावातल्या आमच्या विभागाचं नाव मी इथं लिहीत नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. तेव्हा दुसऱ्या कुठल्याही विभागात गेले असते तरी हेच झालं असतं, मग एकालाच कशाला बदनाम करा? वनस्पतिशास्त्राचा विभाग, लांबट इमारत, मागे चिंचेची झाडं आणि झाडांखाली विभागाची जीप. एम.एस्सी. झाल्यावर मी तिथंच संशोधनाला राहिले. माझ्याबरोबर दोघी होत्या. शहनाज जळगावचीच, तिचे वडील पुस्तकं बांधायचे आणि आई मशीनवर कपडे शिवायची. मंगला पाचोऱ्याची, तिच्या वडिलांचं बियाण्याचं दुकान होतं. आम्हा तिघींना विभागात फार मान होता. सगळ्यांच्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या धुणं आमच्याकडे, आकृत्या आमच्याकडे, वाळवलेल्या रोपांवर अक्षर सुंदर म्हणून चिठ्ठ्या लिहिणं आमच्याकडे, पाहुणे आले की चहाही आमच्याकडे. मुलींसाठीचं स्वच्छतागृह पलीकडच्या इमारतीत होतं आणि त्याची किल्ली शिपायाकडे. म्हणजे लघवीला जायचं तर सगळ्या विभागाला जाहीर करून जायचं. आम्ही पाणीच कमी प्यायचो. हे मी एवढं उघड लिहिते याचं आमच्या धाकट्या वहिनींना वाईट वाटेल, पण तेव्हा जे अंगाला सोसावं लागलं ते लिहायला का लाजू?

माझे मार्गदर्शक विभागप्रमुखच होते, देवरे सर. माणूस हुशार, शिकवायचे तर वर्ग खिळून राहायचा. विषय त्यांनीच दिला होता. आपल्या मूग-उडदावर पिवळ्या केवड्याचा रोग पडतो, शेतच्या शेत पिवळं होतं. पण सातपुड्यात, शिरपूरच्या वरच्या पाड्यांच्या आसपास जो रानमूग उगवतो, त्याला तो रोग सहसा शिवत नाही. त्याचं बी आणायचं, लावायचं, आणि त्याच्यात असं काय आहे ते शोधायचं. विषय मिळाला त्या दिवशी मी वसतिगृहाच्या जिन्यात एकटीच हसत उभी होते. मूग माझा होता! आणि मग कळलं की विषय माझा असला तरी जीप माझी नव्हती. शहनाज आणि मंगलाचे विषयही डोंगरातल्याच रोपांवर होते, पण मुली जंगलात जात नसत. तसा कुठे लेखी नियम नव्हता, नुसतं एक वाक्य होतं, सर ते फार मायेनं म्हणायचे: "अगं, तुझी काळजी आहे म्हणून. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

पहिल्या हंगामात माझं बी आणायला भालेराव गेला. तो आमच्याहून एक वर्ष पुढे, पारोळ्याकडचा शेतकऱ्याचा मुलगा, स्वभावानं चांगला. जीप जळगावहून सकाळी निघाली, वाटेत शेवभाजी-पाव झाला, शिरपुरात चहा झाला, आणि ही मंडळी डोंगरात पोचली ती टळटळीत दुपारी. संध्याकाळी भालेरावनं माझ्या टेबलावर कापडी पिशवी ठेवली. मी हात घातला तर आत नुसती टरफलं, पीळ पडलेली, रिकामी. रानमुगाची शेंग तर घरच्या मुगाहून तापट, ती उन्हाची वाटच बघत असते. "झाडंच तशी आहेत, शेंगा पोकळच लागतात," भालेराव म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं! मी विचारलं, "तुझ्या घरी मूग कोण तोडतं?" तो म्हणाला, "आई. बहिणी." "आणि केव्हा तोडतात?" त्यानं डोकं खाजवलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. मला त्याचा राग आला नाही, त्याच्या घराचा आला, आणि माझ्याही घराचा आला.

सरांना मी सांगितलं की शेंगा पहाटे दवात तोडाव्या लागतील, म्हणजे आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करावा लागेल, आणि तोडायला मी स्वतः जाईन. मुक्काम हा शब्द ऐकून सरांनी चष्मा काढून ठेवला. ते म्हणाले, विषय बदलून घे. लोणच्यावरच्या बुरशीवर छान काम होईल, घरबसल्या बरण्या मिळतील. लोणच्यावरची बुरशी! पुढच्या हंगामात बी हाती आलं नाही तर माझी शिष्यवृत्ती बंद होणार होती. शिष्यवृत्ती बंद म्हणजे मी परत गावी, आणि गावी नानांनी भावकीच्या दबावाखाली एक मुलगा बघून ठेवला होता. मी लोणच्याला नाही म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं. तेव्हा सर म्हणाले, "ठीक आहे. घरचं कोणी मोठं बरोबर येणार असेल तर पुढच्या वर्षी बघू." सुंठीवाचून खोकला गेला असं त्यांना वाटलं असणार. ऐन सुगीत कोणाच्या घरचा गडी शेत सोडून मुलीबरोबर डोंगर हिंडायला येणार होता?

गडी नाहीच आला. पुढच्या भाद्रपदात, गणपती उठल्यावर, जीप निघायच्या वेळेला चिंचेखाली तीन बाया उभ्या होत्या. माझ्याकडून अक्का, कमरेला मशेरीची डबी आणि डोक्यावर कळण्याच्या भाकरींचं गाठोडं. शहनाजची अम्मी, बुरख्याचा नकाब मागे टाकून. आणि मंगलाची वहिनी, कडेवर अंगावर पिणारं बाळ, कारण ते सोडून येणं शक्य नव्हतं. सर बाहेर आले आणि पायरीवरच थांबले. मला म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "सर, घरचं मोठं माणूस." अक्का पुढे झाली. "साहेब, तुम्हीन सांगं ना घरनं कोनी लया? मी घरनीच शे. वाटमा धरी आनेल नई." अम्मी म्हणाली, "घरमें बैठके भी मशीनच चलाती मैं. दो दिन नहीं चलाई तो क्या होता?" बाळ रडायला लागलं. आपण दिलेला शब्द सरांना परत घेता येईना. जीपमध्ये आम्ही सहा जणी, बाळ, रोपं दाबायच्या फळ्या, गाठोडी, आणि अगदी मागच्या कडेला अंग चोरून भालेराव. शिरपूर येईतो बाळ त्याच्या मांडीवर झोपलं होतं. आमचे चालक दगडूभाऊ आरशात बघून सारखे हसत होते.

तो मुक्काम मी कितीही लिहिलं तरी संपायचा नाही. वनखात्याचं विश्रामगृह होतं, दोन खोल्यांचं, पत्र्याचं. तांबडं फुटायच्या आत आम्ही उतारावर होतो. गवत कमरेएवढं, लुगडी-सलवारी गुडघ्यापर्यंत चिंब, आणि गवताला वेटाळून चढलेला तो बारीक, केसाळ, हट्टी रानमूग. शेंगा काळ्या पडलेल्या, पण दवानं गप्प बसलेल्या. मी एक तोडून तळहातावर सोलली. आत राखी रंगाचे चिमुकले दाणे, ओळीनं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग सगळ्याच तोडायला लागल्या. अक्का आणि वहिनी गप्पा मारत तोडत होत्या, अम्मीनं आयुष्यात शेत पाहिलं नव्हतं पण तिची बोटं मशीनवर चालावी तशी चालत होती. भालेराव आधी नुसता बघत उभा राहिला. मग खाली बसून एक एक शेंग तोडायला लागला, आणि त्याची एकही फुटली नाही. ऊन वर आलं तसं उतारावरून बारीक तडतड सुरू झाली. उरलेल्या शेंगा फुटत होत्या. आम्ही भाकरींचं गाठोडं सोडलं आणि तो आवाज ऐकत जेवलो.

माझं काम उभं राहिलं. रोपं उगवली, वाढली, आजूबाजूचा मूग पिवळा पडला तरी ती हिरवीगार राहिली. सर खुश झाले. बाहेरची माणसं आली की मला बोलावून दाखवायचे, "आमच्याकडे मुलीसुद्धा क्षेत्रकार्य करतात." त्यातला तो "सुद्धा" मी दर वेळी गिळायची. एका मोठ्या संशोधन केंद्राला त्यांनी शब्दही दिला की पुढच्या हंगामात आणखी बी देतो. माझ्याही प्रबंधाला दुसऱ्या वर्षाचं बी हवंच होतं, एका वर्षाच्या पिकावर कोणी विश्वास ठेवत नाही. म्हणून पुन्हा भाद्रपद लागला तसे सर म्हणाले, "अक्कांना विचारून तारीख कळव." गोष्ट किती सहज झाली होती बघा. जणू अक्का विभागातली कर्मचारीच, फक्त बिनपगारी. आणि मी त्यात धन्यता मानत होते. त्याच आठवड्यात मंगला माझ्या खोलीवर आली आणि हळूच म्हणाली की ती लोणच्यावरची बुरशी घेते आहे. तिच्या वहिनीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, आई खाटेवर होती, बरोबर यायला कोणी उरलं नव्हतं. तिच्या विषयाचं अर्धं काम झालेलं होतं. मी "अगं पण" एवढंच म्हणाले आणि गावी अक्काला आणायला गेले.

अक्का दारात बसली होती. मी म्हटलं, चल, तयारी कर. ती म्हणाली, "औंदा मी येवाव नई."

"का वं? काय दुखस?"

"काही दुखत नई. धडधाकट शे मी."

मला वाटलं थट्टा करते. मग वाटलं आईशी काही वाजलं असेल. शेवटी मी चिडले. तिनं शांतपणे मशेरी थुंकली, तोंड धुतलं आणि मला समोर बसवलं. "मी उनी का तुना साहेबनी काळजी मिटस. तुनी मिटत नई. ती पाचोरानी पोर, तिनी वहिनीले येवानं नई जमनं ते तिनं शिकनं बंद. उद्या मी मरी गऊ ते तुनं बंद?" मी म्हटलं, "तू नई उनी ते माले गाडीमा बसू देतीन नई." ती म्हणाली, "मंग तू जाईसन बस. बसाले कोनी लागत नई." मी त्या रात्री जेवले नाही. आईनं मध्यस्थी केली, नानांनी तर लगेच म्हणून टाकलं, नसेल येत तर राहू दे, त्या मुलाकडचे अजून थांबले आहेत. अक्काचा राग येऊन मी सकाळच्या एस.टी.नं तिचा निरोप न घेता निघाले. धुळ्याच्या स्टँडवर उतरले तोवर राग तसाच होता. पारोळ्याच्या पुढे कधीतरी माझ्या लक्षात आलं की आता राग अक्कावरचा नाही.

हल्ली मला व्यासपीठांवर बोलावतात. विज्ञानात येणाऱ्या मुलींना विद्यापीठानं कशी मदत करावी, यावर दोन शब्द. शाल, नारळ, आणि निवेदिका हमखास विचारते, मॅडम, तुम्हाला घरून पाठिंबा कोणाचा होता? मी सांगते, तो प्रश्नच विचारू नका. घरचा पाठिंबा ज्यांना असतो त्या कशाही पोचतात. ज्यांच्या घरी अक्का नाही त्यांच्यासाठी विद्यापीठ असतं, नाहीतर ते कशाला बांधलं? परवा अशाच एका ठिकाणी मला नवा महिला कक्ष दाखवायला नेलं. दाराला फीत, फीत कापल्यावर टाळ्या, आणि आत पाळणा, पलंग, आरसा. मग कोणीतरी कुलूप लावलं आणि मी विचारलं, किल्ली कोणाकडे? उत्तर आलं, शिपायाकडे, मॅडम, सुरक्षित आहे. मी तिथल्या तिथे इतकी भडकले की माझा परतीचा चहा राहिला. ती किल्ली दाराबाहेर खिळ्याला लटकवल्यावरच मी गाडीत बसले.

तर त्या वर्षी. जीप निघायच्या सकाळी मी आणि शहनाज चिंचेखाली गेलो; अक्काचं बोलणं ऐकून तिनंही अम्मीला घरीच ठेवलं होतं. मंगलाला आम्ही हाताला धरून आणलं, तिची ती लोणच्याची बरणी टेबलावरच राहू दिली. तिघी मागच्या बाकावर जाऊन बसलो. भालेराव आला, आमच्याकडे बघितलं आणि पुढे बसला. सर आले. "अक्का कुठे आहेत?"

"घरी आहेत, सर."

"आजारी आहेत का?"

"नाही. ठणठणीत आहेत."

"मग तुमच्याबरोबर कोण?"

"आम्हीच."

सरांचा चेहरा हळूहळू लाल झाला. ते म्हणाले, ठरलं काय होतं? काही झालं तर जबाबदारी कोणाची? मी तोवर फक्त ऐकत आलेला तो प्रश्न मला पहिल्यांदाच सोपा वाटला. म्हटलं, "तुमची, सर. भालेरावची जशी आहे तशी. त्याच्या घरून कोण आलंय?" दगडूभाऊंनी तोंड फिरवलं. सरांनी त्यांच्या हातातून किल्ली घेतली, खिशात टाकली आणि आत निघून गेले. जीप त्या दिवशी हलली नाही. आम्हीही हललो नाही. दुपारी शहनाजच्या अम्मीनं डबा पाठवला, तो आम्ही जीपमध्येच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा जाऊन बसलो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. रसायनशास्त्रातली माणसं बघायला यायला लागली, कोणी टोमणे मारायचे, एका बाईंनी मात्र कॅन्टीनमधून भजी आणून दिली आणि पुन्हा आमच्याकडे न बघता निघून गेल्या. आकाश निरभ्र होतं. ऊन रोज आदल्या दिवसापेक्षा कडक होतं, आणि मला बसल्या जागी सातपुड्याच्या उतारावर तडकणाऱ्या शेंगा ऐकू येत होत्या. एक एक शेंग माझी होती. हंगाम गेला असता तर वर्ष गेलं असतं, आणि दुसरं वर्ष मला कोणी देणार नव्हतं. मला रात्री झोप येत नव्हती. हट्टी बाई शांत असते असं लोकांना वाटतं. साफ खोटं आहे.

मग सरांनी भालेरावला एकट्यालाच जायला सांगितलं. तो नाही म्हणाला. उद्धटपणा त्याच्यात नव्हताच, तो खाली मान घालून म्हणाला, "सर, मी जाईन, पण एकट्यानं किती शेंगा होतील? बाकीच्या फुटतील. आणि काम कुसुमचं आहे." कुसुम म्हणजे मी. संशोधन केंद्राचं पत्र येऊन पडलं होतं, त्यांना बी हवं होतं. तेव्हा सर स्वतः जीपपाशी आले. आवाज एकदम वडिलांसारखा. म्हणाले, "कुसुम, हा हट्ट सोड. एक कर. इथे सगळ्यांसमोर फक्त एवढं म्हण, की मी माझ्या जबाबदारीवर चालले आहे. लगेच किल्ली देतो. मुक्काम करा, काय हवं ते करा."

वाट उघडी होती. एका वाक्याचा प्रश्न होता. शहनाजनं माझा हात दाबला, "बोल दे ना, दो लफ्ज़ की बात है." मलाही तेच वाटलं, खोटं कशाला सांगू. जीभ उचलून टाळ्याला लावायची, की माझ्या शेंगा माझ्या. मी मंगलाकडे बघितलं. ती बाकाच्या टोकाला बसली होती, हातातल्या रुमालाला पीळ देत. ते वाक्य मी म्हटलं असतं तर उद्या तिला म्हणावं लागलं असतं, तिच्यानंतर येणाऱ्या प्रत्येक पोरीला म्हणावं लागलं असतं, आणि ज्या पोरीची जीभ रेटली नसती ती बरणी घेऊन टेबलाशी बसली असती. मुलांना कोणी कधी म्हणायला लावलं होतं का?

"नाही म्हणणार, सर," मी म्हटलं. "शेंगा फुटू देत."

"वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे. शिष्यवृत्तीही जाऊ दे. पण मी विभागाच्या कामाला, विभागाच्या गाडीतून चालले आहे. ही माझी एकटीची सहल नाही."

चिंचेची पानं जीपच्या बॉनेटवर पडत होती आणि दगडूभाऊ ती उगाचच फडक्यानं झटकत होते. सरांनी एकदा आमच्याकडे, एकदा मागे जमलेल्या माणसांकडे बघितलं. मला आजही वाटतं, त्या घटकेला ते आमच्यावर चिडलेले नव्हते. ते घाबरलेले होते, माझ्या नानांसारखे. त्यांच्याही डोक्यावर कोणीतरी होतं आणि त्यानंही त्यांना कधी म्हटलं नव्हतं की जा, आम्ही आहोत. शेवटी त्यांनी खिशातून किल्ली काढली, दगडूभाऊंच्या हातावर ठेवली आणि जमिनीकडे बघत काहीतरी पुटपुटले.

दगडूभाऊ गाडीकडे वळले. शहनाजनं सुस्कारा सोडला. मी मात्र बाकावरून उठून उभी राहिले, टपाला डोकं लागलं.

"सर," मी म्हटलं, "जरा मोठ्यानं म्हणा. मागं मंगलाला ऐकू आलं नाही."

सरांनी मान वर केली. मग घसा साफ करून, जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "मुली माझ्या जबाबदारीवर चालल्या आहेत. विभागाच्या जबाबदारीवर. ने गाडी."